सिरपूरची सेफ्टी पाहणी

रविवार, २४ नोव्हेंबर

आज सकाळी आंघोळ करून सेक्टरातल्या मारुतीला गेलो आणि उर्वीची नोकरी जाऊ दे असं मागितलं. शब्द आधी जुळवून घेतले होते. नोकरी जावी, पण तिचा अपमान होऊ नये. वाईट वाटलं तर थोडंच वाटावं. ती संस्था बंद पडू नये, दुसऱ्यांची पोटं आहेत. फक्त जागा भरली, एवढंच त्यांनी कळवावं. मागून कोणीतरी म्हणालं, दादा, जरा सरको, लाइन लगी है. मागणं अर्धवट राहिलं की पोचलं, कळत नाही.

पुढे मलाच आठवावं म्हणून लिहून ठेवतो. उर्वी आमची एकुलती. रायपूरला प्राचीन इतिहासात एम.ए. झाली. आता सिरपूरला एका संस्थेत तिला काम मिळतंय. कोरीव दगड मोजायचे आणि त्यांची चित्रं काढायची. राहायला गावातच एक खोली. एकटीनं. डिसेंबरच्या मध्यापासून. तिनं अजून होकार कळवलेला नाही.

सिरपूर म्हणजे जुनं श्रीपूर. दक्षिण कोसलची राजधानी होती, मग ओस पडली. जिथून राजेसुद्धा निघून गेले तिथे माझी मुलगी राहायला जाणार.

मी घाबरलेलो नाही. मी भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागात आहे. कारकून असलो तरी विभाग सेफ्टीचा आहे. घाबरणं वेगळं आणि धोका ओळखणं वेगळं, हे दर महिन्याला फळ्यावर मीच लिहितो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

शिल्पाशी बोललो. म्हटलं, सरळ नाही म्हणून टाकतो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, म्हणा नं. तुमी नाई म्हणा, अन् ते उद्याच बॅग भरते की नाई पाहा. पोरगी कोनाची हाय?

हे मान्य आहे. म्हणून नाही म्हणायचं नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये उत्तम योजना सुचली. तिला सिरपूर दाखवायला न्यायचं. सहल म्हणून. ऊन, झुडपं, साप, वानरं, संध्याकाळी सामसूम, सगळं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. आमच्या विभागात म्हणतात की धोका कामगाराला सांगू नका, त्यालाच शोधू द्या. ती स्वतःच म्हणेल, बाबा, नको. मग मी म्हणेन, तुझी मर्जी.

योजनेत दोष नाही. दोनदा तपासली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

गाडी ठरली. शिल्पाचे मामा कृष्णराव चरोद्याला असतात, त्यांची जुनी व्हॅन आहे. मामा रेल्वेत गार्ड होते. जन्मभर गाडीच्या सर्वांत मागच्या डब्यात बसलेला माणूस आता सर्वांत पुढे बसून गाडी चालवतो. याचा विचार रात्रभर केला नाही. थोडा केला.

मामा फोनवर म्हणाले, जावईबापू, कावून भेता? मालगाडी हाकली म्या. मी म्हटलं, हाकली ड्रायव्हरनं, तुम्ही मागे होता. ते म्हणाले, मागूनच तर समजते, का पुढचा काय करून राहिला.

आज घरात एक नियर मिस. अपघात होता होता राहिला की आमच्याकडे त्याला असं म्हणतात आणि त्याची नोंद ठेवावी लागते. उर्वी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होती. स्टूल हललं. पडली नाही. बॅग मोठी आहे. एका दिवसाच्या सहलीला एवढी बॅग कशाला लागते, विचारलं नाही.

रविवार, १ डिसेंबर, सकाळी

क्वार्टरच्या फाटकाशी सर्वांना उभं करून टूलबॉक्स टॉक दिला. कामाआधी धोके समजावून सांगायची ही आमच्याकडची रीत आहे. बूट, पाणी, साप, उंचावरून पडणं, वरून काही पडणं, वानरांना खाऊ न दाखवणं. शिल्पा म्हणाली, अन् डबा? डबा घरातच राहिला होता. मामा हात मागे बांधून फार लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, राइट हाय, सुटू द्या.

माझ्याबरोबर हेल्मेट, शिट्टी आणि बॅरिकेडिंगची लाल-पांढरी टेप आहे. टेप कामातून गेलेला तुकडा आहे, फेकणारच होते.

त्याच दिवशी, गाडीतून

महानदीचा पूल. डोळे मिटून नामस्मरण केलं. उर्वी म्हणाली, बाबा सो गए क्या? शिल्पा म्हणाली, नाई वं, पूल पार करून राहिले.

अक्षर हलतंय ते रस्त्यामुळे.

त्याच दिवशी, संध्याकाळी, घरी

उभा राहून लिहितो आहे. बसता येत नाही. कारण क्रमानं येईल.

आधी लक्ष्मण मंदिर पाहिलं. सगळं विटांचं. इतक्या विटा इतकी शतकं एकमेकींना धरून कशा राहिल्या, कळत नाही. आत जाताना अडचण आली. देवासमोर हेल्मेट घालून जाणं बरं नाही आणि एवढ्या जुन्या छताखाली काढणं सुरक्षित नाही. शेवटी काढून छातीशी धरलं. शिल्पा म्हणाली, नारळ धरल्यावानी दिसून राहिले.

उर्वी सांगत होती की एका राणीनं आपल्या गेलेल्या नवऱ्यासाठी हे बांधून घेतलं. हे सांगताना तिचा आवाज वेगळाच लागत होता. घरी ती इतकं सलग बोलत नाही. बाहेर आलो तर जुन्या बाजाराचे, घरांचे नुसते पाये दिसत होते. भिंती गेल्या, माणसं गेली, उंबरे तेवढे आहेत. एका उंबऱ्याच्या आत पाय टाकून उभा राहिलो. कोणाचं तरी स्वयंपाकघर असणार. बूट काढावेसे वाटले. उन्हामुळे.

साप दिसला नाही. उर्वीला विचारलं, किती ओसाड आहे नाही? ती म्हणाली, हो ना बाबा, किती शांत.

मग सुरंग टीला. उंच चौथऱ्यावर मंदिरं आणि वर जायला सरळ भिंतीसारख्या पायऱ्या. त्यासुद्धा सरळ नाहीत, लाटेसारख्या वरखाली झालेल्या. भूकंपानं झाल्या म्हणतात. मी खाली थांबून निरीक्षण करायचं ठरवलं. मायलेकी बोलत बोलत वर गेल्या. शिल्पाचे गुडघे दुखतात असं ती वर्षानुवर्षं सांगत आली आहे. आज दुखले नाहीत.

खालून पाहताना एक दगड हलल्यासारखा वाटला. अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. जागा बंद करायची. मी हेल्मेट घातलं आणि पायथ्याशी दोन बाजूंना टेप बांधली. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. बाईंनी टेप पाहून मुलांना रांगेत उभं केलं आणि मला विचारलं, सर, कब तक खुलेगा? मी म्हटलं, जांच चल रही है. हे खोटं नव्हतं. त्यांच्या मागे आणखी लोक येऊन उभे राहिले. कोणी मला पाण्याची बाटली दिली. खरं सांगायचं तर इतकी माणसं माझ्या शब्दाला थांबली असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग चौकीदार आला. आधी नमस्कार केला, नंतर कोणत्या ऑफिसातून आलात विचारलं. भिलाई, म्हटलं. तो टेपकडे पाहून म्हणाला, भिलाई ला सिरपुर से का मतलब, साहेब? सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, वर जाऊन पाहणी करायची आहे. आणि निघालो. दुसरा रस्ता नव्हता.

चढताना हातही वापरले. वर पोचलो. वळून खाली पाहिलं. ही चूक झाली.

पायऱ्या नव्हत्याच. होती ती हवा आणि तिच्या तळाशी शाळेची मुलं. माझे पाय कोणा दुसऱ्याचे झाले. खाली बसलो ते उठवेना. शिल्पा म्हणाली, उठा नं जी. तिला सांगितलं की मी दृश्य पाहतो आहे. बराच वेळ दृश्य पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. मारुतीचं नावसुद्धा आठवेना, नुसता शेंदूर आठवत होता.

शेवटी उर्वी आली आणि माझ्या एक पायरी खाली बसली. म्हणाली, बाबा, माझ्या खांद्यावर हात ठेवा. खाली नका पाहू, माझ्या वेणीकडे पाहा. मी सरकले की तुम्ही सरका. असे बसत बसत आम्ही दोघं खाली आलो. तिच्या वेणीला निळं रबर होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांना दटावलं, ते जास्त लागलं.

मामा गाडीपाशीच होते. म्हणाले, लाल पट्टी दिसली नं जावईबापू, मंग म्या जागचा हललो नाई.

निष्कर्ष: जागा धोकादायक आहे हे सिद्ध झालं. सहल यशस्वी.

सोमवार, २ डिसेंबर

साहेबांनी ऑफिसात विचारलं, हरिभाऊ, उभे का? म्हटलं, खुर्चीनं पाठ बिघडते, वाचलंय. दुपारी 'उंचीवर काम करताना' या विषयाचा फलक लिहायचा होता. 'उंचीवर' हा शब्द तीनदा खोडावा लागला. पेन जुना आहे.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी गाडीपासून काढलेला फोटो टाकला आहे. मी आणि उर्वी पायऱ्यांवर, मी हेल्मेटमध्ये. खाली लिहिलंय, हमारे जावईबापू, सेफ्टी फर्स्ट. नंदिनीच्या खाणीवरून, दुर्गहून, सगळीकडून हसणारे चेहरे आले.

उर्वीनं होकार अजून कळवलेला नाही. बॅग पुन्हा माळ्यावर गेली आहे. योजना लागू पडली असं दिसतंय.

बुधवार, ४ डिसेंबर

आज संध्याकाळी उर्वी अंगणात माझ्याजवळ येऊन बसली. मी तुळशीला पाणी घालत होतो. म्हणाली, बाबा, मला भीती वाटून राहिली. माझ्या मनात आलं, आलं गाडं रुळावर. साप का, विचारलं. ती म्हणाली, नाही हो. एकटीची? तेही नाही. म्हणाली, तिथे सगळे बडे बडे लोक आहेत बाबा. इंग्लिशमध्ये धडाधड बोलतात. आपण चुकीचं मोजलं तर? सगळ्यांसमोर हसले तर? लगता है मेरे से नहीं होगा.

मग म्हणाली, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हटलं तर नाही जात. उद्याच कळवून टाकते.

हातातला तांब्या तसाच धरून उभा होतो. पाणी तुळशीच्या बाहेर चाललं होतं. एक शब्द बोलायचा होता. कालपर्यंत तोच शब्द घोकत होतो. आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं तर गावच्या शाळेतून पहिल्यांदा भिलाईला आलो त्या दिवसाची भीती आठवली. प्लांटच्या गेटपाशी उभा होतो आणि आत कसं जायचं हे विचारायलासुद्धा तोंड उघडत नव्हतं. तेव्हा कोणी घरी जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो. आनंदानं गेलो असतो.

म्हटलं, विचार करून सांगतो.

साप, पूल, पायऱ्या, वानरं, सगळं पाहणीत होतं. हा धोका पाहणीत आलाच नव्हता.

गुरुवार, ५ डिसेंबर

विचार चालू आहे. शांतपणे. जेवण गेलं नाही, ते वांग्यामुळे.

शिल्पानं विचारलं, सांगतलं का पोरीले? म्हटलं, दोन्ही बाजू पाहतो आहे. म्हणाली, कालपासून एकच बाजू पाहून राहिले, भिंतीची.

नको म्हटलं तर ती राहील. इथे, या घरात, जवळ. आणि तिला वाटत राहील की तिच्यानं झालं नसतं. जा म्हटलं तर ती जाईल. मला दोन्हींची भीती वाटते. वाटते असं नाही, धोके दिसतात.

शनिवार, ७ डिसेंबर

सांगितलं.

सकाळी पूजा झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं. चांगली वाक्यं तयार होती. धैर्याबद्दल एक होतं. ती ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, तिथलं पाणी उकळून पीत जा.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग मेथीत तोंड घालून रडली की हसली, कळलं नाही. शिल्पा म्हणाली, झालं एकदाचं. मी म्हटलं, आणि इंग्रजीत कोणी काही विचारलं तर सावकाश मराठीत विचार करून बोल. चुकीचं मोजलं तर पुन्हा मोज. दगड कुठे जाणार नाहीत.

हे शेवटचं बरं सुचलं. फळ्यावर लिहिण्यासारखं आहे.

मग गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि कठड्याजवळ न जाता मध्येच बराच वेळ उभा राहिलो.

रविवार, १५ डिसेंबर

उद्या ती जाणार. बसनं. मी म्हटलं, मामांची गाडी आहे, आपण सगळे सोडायला येतो. ती म्हणाली, बाबा प्लीज. पहिल्या दिवशी बाप को लेके कौन जाता है. आणि ते हेल्मेट तर बिलकूल नाही.

तिचं म्हणणं मान्य आहे.

मी तीन दिवसांची रजा टाकली आहे. सिरपूरचं बौद्ध विहार त्या दिवशी पाहायचं राहिलं, तिथली नदीकाठची शंकराची पूजा राहिली. प्राचीन राजधानी एका दिवसात होत नाही. उर्वीच्या पुढच्या बसनं जाईन, धर्मशाळेत राहीन, तिला दिसणार नाही. हे तिच्यामागे जाणं नव्हे. पर्यटन आहे. शिल्पाला सांगितलं, बुधवारी रात्री येतो. ती म्हणाली, मफलर घेजा.

सोमवार, १६ डिसेंबर

रायपूरच्या बसस्टँडवर उर्वीला बसवून दिलं. शिल्पानं डबा दिला, मी खिडकीची कडी तपासली. बस सुटली. शिल्पा लोकलनं घरी गेली. मी पुढच्या महासमुंदकडच्या बसमध्ये बसलो. मफलर तोंडावर घेतला. सर्दी होईल असं वाटत होतं.

वाटेत आरंगला आमची बस थांबली. पाहतो तर तिची बस पुढेच उभी. एक टायर काढलेलं, माणसं खाली उतरलेली. पर्यटनाचा विचारही आठवला नाही. उतरलो आणि केळ्यांच्या गाड्यामागे उभा राहिलो.

उर्वी चहाच्या टपरीशी होती. मोठी बॅग पायाशी. शेजारी एक म्हातारी बाई गाठोडं सांभाळत होती. उर्वी तिला म्हणाली, काकी, तोर झोला मोला दे, तैं बैठ. घरी छत्तीसगढी बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. मग कंडक्टरशी बोलायला गेली. टायर किती वेळ, दुसरी गाडी मिळेल का, काकीला पहिल्यांदा बसवा. मोठ्यानं. तो आधी हसत होता, मग सरळ उभा राहिला. एक माणूस मध्ये घुसत होता, त्याला तिनं बोटानं मागची जागा दाखवली. तो मागे गेला.

केळेवाला म्हणाला, लेना है क्या, काका? मी मान हलवली. त्याच वेळी उर्वीनं या बाजूला पाहिलं.

सांगतो ते खरं सांगतो. पूल नाही, सुरंग टीला नाही, प्लांटची भट्टी नाही. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तिनं मला पाहिलं असतं तर आत्ता मागे गेलेला तो माणूस पुन्हा पुढे आला असता. कंडक्टर पुन्हा हसला असता. ती बाबांची मुलगी झाली असती, सगळ्यांसमोर. मी केळ्यांच्या घडामागे वाकलो आणि तसाच राहिलो.

तिनं पाहिलं नसावं. टायर बसलं. तिनं काकीला आधी चढवलं, मग गाठोडं, मग स्वतः. बस गेली. माझ्या बसचा कंडक्टर ओरडत होता, महासमुंद, कुहरी, आ जाओ. सिरपूरचा फाटा कुहरीलाच लागतो. मी गेलो नाही. रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. रायपूरची गाडी लवकर आली. त्यानंतर भिलाईची.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शिल्पानं दार उघडलं. मीच म्हणालो, विहार पुढच्या वेळी पाहू. ती म्हणाली, हाव, हात धुवा.

स्वयंपाकघरात गेलो. बुधवारी येतो सांगून निघालेल्या माणसासाठी तिनं ताट मांडून ठेवलं होतं, आणि भात दोघांचा लावला होता.

मी आरंगहून परत आलो.